सुकट, वाल आणि सोया : महाड-पोलादपूरच्या बाजारातील प्रथिनांचा इतिहास

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले महाड आणि पोलादपूर हे तालुके प्रथिनांच्या व्यापारात कधीकाळी पुरवठादारही होते आणि गिऱ्हाईकही. आज ते जवळजवळ पूर्णपणे गिऱ्हाईक आहेत. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून उतरून महाडला येते, तिथे तिला गांधारी मिळते आणि पुढे दासगावच्या बाजूने ती बाणकोटच्या खाडीत उतरते. भरतीचे पाणी महाडपर्यंत चढत असल्यामुळे समुद्रापासून इतके आत असूनही हे गाव बंदर झाले. वर देशावर जाणाऱ्या वाटाही इथूनच फुटत: वरंध घाटाने भोरकडे, पोलादपूरहून पार घाटाने आणि पुढे १८७० च्या दशकात बांधलेल्या आंबेनळी घाटाने महाबळेश्वर-वाईकडे. मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर जात असे; गूळ, कांदा, मिरची आणि डाळी खाली येत असत. देशावरची तूर आणि समुद्रातला बोंबील एकाच पेठेत मांडलेले दिसावेत, अशी ही जागा होती.

जमिनीची प्रत दोन प्रकारची. नदीकाठची आणि खाचरांची जमीन भाताची. डोंगरउताराची वरकस जमीन नाचणी, वरी, तीळ, उडीद आणि कुळथाची. पोलादपूर तालुक्यात खाचरे थोडी आणि वरकस फार, महाडला त्याच्या उलट नसले तरी बरेच बरे. भाताच्या दाण्यात प्रथिने सहा-सात टक्के, नाचणीत सात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पोट या धान्यांनी भरले तरी अंगाला लागणारे दुसरीकडूनच यायला हवे होते. ते मुख्यतः वालातून येई. दिवाळीच्या सुमारास भात कापून झाला की खाचरात उरलेल्या ओलीवर वाल टाकला जाई. पाणी द्यायचे नाही, खत घालायचे नाही, फक्त राखण करायची. माघ-फाल्गुनात तो काढणीला येई. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत धरून ठेवतात, त्यामुळे पुढच्या भाताला जमीन सुधारलेली मिळते. हे शास्त्र पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी ‘वालाची जमीन’ भाताला चांगली, हे शेतकऱ्याला ठाऊक होते.

सुक्या वालात प्रथिने सुमारे पंचवीस टक्के, कुळथात बावीस टक्के. भाताच्या प्रथिनात जे लायसिन कमी असते ते वालात भरपूर असते आणि कडधान्यात जे गंधकयुक्त अंश कमी असतात ते भात पुरवतो. भात आणि बिरड्याचे, म्हणजे मोड आलेल्या वालाच्या उसळीचे, ताट आहारशास्त्राच्या हिशेबानेही पुरे पडते ते यामुळे. अर्थात कडवा वाल सरळ शिजवून खाण्याचा पदार्थ नव्हे. तो भिजवायचा, पाणी फेकायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून साल काढायची आणि मग डाळिंब्या शिजायला टाकायच्या. हे काम बायकांच्या वेळेवर चाले आणि त्या वेळेचा हिशेब कुठल्याच बाजारभावात धरला जात नसे. कुळथाचे त्या मानाने सोपे: भाजून दळून पिठी केली की पावसाळाभर पिठले. हिवाळ्यात वालाच्या ओल्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात भाजण्याची पोपटी आज पर्यटकांचा पदार्थ झाली आहे. मुळात ती शेतातच, राखणीच्या रात्री होणारी गोष्ट होती.

या पिकांवर शेतकऱ्याचा पूर्ण हक्क मात्र नव्हता. कुलाबा (आजचा रायगड) आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या मोठ्या भागात खोती होती. कूळ अर्धेलीने कसत असेल तर भाताचा निम्मा हिस्सा खोताचा, तिर्धेलीने कसत असेल तर तिसरा. शिवाय वेठ वेगळी. हिस्सा मालात द्यायचा असल्यामुळे खळ्यावरच धान्य वाटले जाई आणि खोताकडून ते महाडच्या पेठेत येई. कुळाच्या घरी उरत ते कमी भावाचे धान्य: नाचणी, वरी, कुळीथ. ‘कुळीथ खाणारा’ हा शब्द कोकणात हिणवण्यासाठी वापरला गेला, पण आहाराच्या दृष्टीने पाहिले तर खोताकडे गेलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा कुळाच्या हंडीतले ते पिठले सरस होते. ही काही व्यवस्थेची कृपा नव्हे. बाजाराने ज्याला किंमत दिली नाही ते उरले, इतकेच. मुंबई सरकारचा खोती निर्मूलन कायदा १९४९ मध्ये झाला. त्याआधी याच जिल्ह्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा संप चालवला होता.

प्रथिनांचा दुसरा प्रवाह खाडीतून वर येत असे. बोंबील, सुकट, जवळा, वाकटी, मांदेली, सोडे ही सुकी मासळी बाणकोट खाडीच्या तोंडाच्या आणि श्रीवर्धन-हरिहरेश्वर बाजूच्या कोळीवाड्यांत तयार होई आणि होडीने, पुढे डोक्यावरच्या पाटीतून गावोगाव जाई. सुक्या बोंबलात प्रथिने साठ टक्क्यांवर असतात. वजनाच्या हिशेबाने जुन्या बाजारात याहून दाट प्रथिन दुसरे नव्हते. बोंबील आणि जवळा यांच्याबाबत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ते वलांडीवर किंवा खळ्यात उन्हानेच वाळतात, मीठ लागत नाही. इंग्रजी अमलात मिठावर जबर कर होता आणि खारवलेली मासळी त्यामुळे महाग पडे. उन्हाने वाळणाऱ्या मासळीला हा कर लागू पडत नव्हता. गरिबाच्या घरी सुरमई खारवलेली न दिसता सुकट दिसते, त्यात चवीबरोबर या कराचाही वाटा आहे.

सुक्या मासळीचा खरा हंगाम म्हणजे आगोट. मृगाआधीच्या पंधरा-वीस दिवसांत चार महिन्यांची बेगमी भरून घ्यायची: लाकूडफाटा, मीठ, मिरची, कांदा आणि सुकी मासळी. पावसाळ्यात समुद्र बंद, खाडीत होड्या बंद, डोंगरातल्या वाड्यांच्या वाटा ओढ्यांनी तुटलेल्या. पोलादपूरच्या आतल्या खोऱ्यांतील घराला आगोट चुकली तर श्रावणापर्यंत नुसत्या पेजेवर भागवावे लागे. आगोटीचा व्यवहार बराचसा धान्यावर चाले. कोळीण पाटी उतरवी आणि पायली-अधोलीने भात मोजून घेई. पैशाचा भाव वर-खाली झाला तरी मापाचे प्रमाण बरेच स्थिर राही, हा या पद्धतीचा फायदा; आणि मापात हात मारण्याची सोय दोन्ही बाजूंना सारखीच, हा तोटा. १९६० च्या सुमारास दशमान वजने सक्तीची झाल्यावर पेठेतली पायली मागे पडली, वाड्यांवर ती पुढेही बरीच वर्षे चालू राहिली.

गोड्या पाण्यातली मासळी बाजारात थोडीच येई. पहिल्या पावसाला मासे प्रवाहाविरुद्ध चढतात तेव्हा वलगणीचे मासे धरायला सगळे गाव उतरते. एरवी ओढ्यातले मासे, खेकडे आणि मुठे आणून विकणारे मुख्यतः कातकरी. शेतातले उंदीर आणि रानातली शिकार ही त्यांच्या घरातली प्रथिने. पेठेत आणायचे ते दुसऱ्याच्या ताटासाठी.

खाडीच्या तोंडावर मांसाचाही एक व्यापार काही काळ चालला. १७५६ च्या तहाने बाणकोटचा किल्ला इंग्रजांकडे कायम झाला, त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटले. मराठी मुलुखात कत्तलीसाठी गुरे मिळणे कठीण असल्यामुळे मुंबईतल्या गोऱ्या शिपायांना आणि जहाजांना मांस पुरवण्यासाठी या ठाण्याचा उपयोग होई.

डोंगरमाथ्यावर गवळी धनगरांचे वाडे होते. म्हशी पाळायच्या, लोणी-तूप करून पायथ्याच्या बाजारात विकायचे आणि त्यावर धान्य घ्यायचे, हा त्यांचा क्रम. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम घाटातल्या या समाजाच्या जीवनक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जंगले राखीव होत गेली, चराई आकसली आणि बरेच वाडे खाली सरकले, असे त्यातून दिसते. प्रथिनांच्या इतिहासात या व्यापाराची एक गंमत आहे. विकले जाई ते तूप, म्हणजे निव्वळ स्निग्धांश. दुधातली प्रथिने ताकात राहत, आणि ताक विकण्यासारखे मानले जात नसे. ते घरात, शेजारी आणि वासरांना जाई. नासलेल्या दुधाचे पाणी तर ओतूनच दिले जाई. पुढे याच पाण्याची भुकटी करून डब्यात भरली जाणार होती.

कोणाच्या वाट्याला कोणते प्रथिन यावे हे जमीन, समुद्र आणि पैसा यांच्याइतकेच जात ठरवत असे. मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांचे वतनी काम होते आणि त्या जनावराचे मांस हा त्या कामाचा मोबदलाच समजला जाई. गावात सणाला उरलेले तुकडे मागून आणणे हाही वतनाचाच भाग. महाडच्या पेठेत गवताचे भारे आणि लाकडाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या अस्पृश्यांना तिथे पिण्याचे पाणी मिळत नव्हते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला, महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये गावातले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण पाण्यापर्यंत कोणी जाऊ शकले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी ती जुळवून आणली होती. परिषदेसाठी लागणारे पाणी चाळीस रुपये देऊन विकत घ्यावे लागले.

परिषदेतून चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी गेलेल्या मोर्चाची हकिकत सर्वांना माहीत आहे. परिषदेतल्या भाषणाचा आहाराशी असलेला भाग मात्र कमी वेळा सांगितला जातो. मृत जनावराचे मांस सोडा, तुकडे मागणे सोडा, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्यांना बजावले. पोटाच्या हिशेबाने हा त्याग लहान नव्हता. ज्या घरात जमीन नाही, दूध नाही, वाल विकत घ्यायला पैसा नाही, त्या घरातले जवळजवळ एकमेव फुकटचे मांस सोडायचे होते. तळ्यावरून परतल्यावर परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला आणि लोकांसाठी चाललेला स्वयंपाक मातीत मिसळला गेला. परिषदेनंतरच्या काळात ठिकठिकाणी महारांनी मढी ओढणे थांबवले आणि त्याबद्दल बहिष्कारही सोसले. बाजारातल्या मागणीचे आलेख मांडताना असे निर्णय सहसा दिसत नाहीत. इथे एका समाजाने स्वाभिमानासाठी आपल्या आहारातला एक घटक स्वतःहून वगळला आणि त्याची जागा भरून काढण्याचा भार रोख मजुरीवर टाकला. चवदार तळ्यावरच्या हक्काचा खटला मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने सुटला.

ही रोख मजुरी होती मुंबईत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून महाड-पोलादपूरचे पुरुष गिरण्यांत, गोदीत आणि खानावळींत जात राहिले. गावात बायका, म्हातारी माणसे आणि मनिऑर्डर. या स्थलांतराने बाजाराची दिशा उलटली. आधी गावातले धान्य पेठेत आणि पेठेतून मुंबईला जाई; आता मुंबईचा पैसा गावात येऊन पेठेतून माल उचलू लागला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि कार्डावर तोलून मिळणाऱ्या धान्याची सवय लागली. रेशनवर तांदूळ आणि गहू नियमाने आले, डाळ क्वचित. पुढच्या अर्धशतकात सरकारी खरेदी आणि हमीभावाचे सारे बळ या दोन धान्यांमागे राहिले. देशातली दरडोई रोजची डाळ-कडधान्याची उपलब्धता १९६१ मध्ये सुमारे ६९ ग्रॅम होती. २००० च्या सुमारास ती ३२ ग्रॅमच्या आसपास आली. उत्पादन घटले नव्हते, पण लोकसंख्या दुपटीहून अधिक वाढली आणि चांगली ओलिताची जमीन गहू-तांदळाकडे गेली.

महाड-पोलादपुरात या घसरणीला स्थानिक कारणांची जोड मिळाली. वरकस जमिनीला राब भाजणे, नांगरणे, बेणणे अशी माणसांची कामे फार, माणसे मुंबईला. त्यामुळे आधी नाचणी-वरीची आणि तिच्याबरोबर उडीद-कुळथाची शेते पडीक पडली. वालाचे दुखणे वेगळे होते. वालाला राखण लागते, आणि एकट्या शेतकऱ्याने राखण करून भागत नाही. सगळ्या गावाने भातकापणीनंतर गुरे बांधून ठेवली तरच सगळ्यांचा वाल वाचतो. गुराखी मिळेनासे झाले, गुरे मोकाट सुटू लागली आणि त्यांच्यामागून रानडुकरे आणि वानरे आली. एकाने वाल टाकणे सोडले की शेजाऱ्याच्या वालावर दुप्पट भार. पाच-सात वर्षांत आख्ख्या शिवाराने दुबार पीक सोडून दिल्याची उदाहरणे दोन्ही तालुक्यांत गावोगाव सापडतात. डाळीचा भाव चढत असतानाच डाळीची जमीन मोकळी पडली, हा विरोधाभास नुसत्या मागणी-पुरवठ्याने उलगडत नाही.

नेमके याच काळात ‘प्रथिन’ हा शब्द सरकारी आणि वैद्यकीय बोलण्यात आला. १९६० च्या दशकात जागतिक संस्थांनी गरीब देशांतील ‘प्रथिनांची तूट’ हा मोठा प्रश्न म्हणून मांडला. भारतात शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ, बालआहार, पोषणमूल्य वाढवलेला पाव असे प्रयोग झाले. या विचाराला सर्वांत नेमके उत्तर एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने दिले. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत १९५२ पासून दोन दशके संख्याशास्त्राचे प्रमुख होते. त्यांचे म्हणणे असे की, भारतातला नेहमीचा धान्य-डाळीचा आहार पोटभर मिळाला तर प्रथिने आपोआप पुरी पडतात. उपासमारीत मात्र शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते, म्हणून आधी पोट भरण्याचा प्रश्न सोडवा. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रथिन-तुटीच्या साऱ्या मोहिमेला फसगत म्हटले, आणि ती मोहीम ओसरली. सुखात्म्यांचा युक्तिवाद भाकरी-डाळ खाणाऱ्या देशावर जितका लागू पडतो तितका कोकणातल्या भातखाऊ घराला पडतो का, ही शंका रास्त आहे. ज्वारी-गव्हापेक्षा भातात प्रथिने कमी, आणि त्याच्या जोडीचा वाल आणि सुकट ताटातून सरकली तर हिशेब जुळत नाही.

मोहीम ओसरली तरी माल राहिला. सोयाबीनबद्दल गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत आहाराचे प्रयोग करून ‘हरिजन’मध्ये लिहिले होते. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीने, म्हणजे पुढच्या आघारकर संशोधन संस्थेने, ‘एमएसीएस’ या नावाने त्याचे अनेक वाण दिले. पीक पसरले ते १९७० नंतर, आधी मध्य प्रदेशात आणि मग विदर्भ-मराठवाड्यात. महाराष्ट्र आज देशातल्या पहिल्या दोन सोयाबीन राज्यांत आहे. सोयाबीनमध्ये प्रथिने चाळीस टक्क्यांवर, पण भारतात ते लावले गेले तेलासाठी. तेल काढून उरलेली पेंड हाच प्रथिनांचा साठा, आणि ती प्रथम परदेशी जनावरांच्या खाद्याला निर्यात झाली. उरलेल्यातून सोयावडी निघाली: तेलविरहित पीठ दाबाखाली शिजवून फुगवलेले, पन्नास टक्क्यांवर प्रथिनांचे, वर्षभर टिकणारे आणि सालही काढावी न लागणारे. महाडच्या किराणा दुकानात ती वालाच्या शेजारी येऊन बसली. शहरातून सुट्टीवर आलेल्या घरांनी आणि वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांनी ती आधी उचलली. जुन्या माणसांनी तिला मटणाची नक्कल म्हणून नाके मुरडली.

कोकणात मात्र सोयाबीन पिकत नाही म्हटले तरी चालेल. तीन हजार मिलिमीटरच्या पावसात ते उभे राहत नाही. तरीही या दोन तालुक्यांच्या ताटात सर्वांत जास्त सोया येते ती वडीतून नव्हे, तर कोंबडीतून. पुण्यात १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि ब्रॉयलरचा धंदा महाराष्ट्रात रुजला. मका आणि सोयापेंड यांच्यावर सहा आठवड्यांत वाढणारी कोंबडी लातूरच्या शेताला महाडच्या रविवारच्या बाजाराशी जोडते. गावठी कोंबडी उकिरडा उकरून, किडे आणि सांडलेले दाणे खाऊन वाढत असे. तिला विकत घेतलेले खाद्य लागत नव्हते आणि म्हणून ती महिन्यातून एखाद्या पाहुण्यापुरतीच असे. ब्रॉयलरने मांस स्वस्त केले आणि सुकटीची जागा सर्वांत आधी त्यानेच घेतली. लातूरच्या अडतीतले सोयाबीनचे भाव आणि पोलादपूरच्या चिकनच्या पाटीवरचा आकडा यांचे नाते अनेक गिऱ्हाइकांना माहीत नसते, पण पाटी लिहिणाऱ्याला असते.

वाहतुकीने हे सारे सोपे केले. मुंबई-गोवा महामार्गाने बंदराचे महत्त्व संपवले. गाळाने भरलेल्या सावित्रीत मोठी होडी महाडपर्यंत येणे तसेही कठीण झाले होते. १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला आणि वीर स्थानक महाड तालुक्यातच आले. डाळ मुंबईच्या दाणाबंदरातून, पुढे तुर्भ्याच्या बाजारातून ट्रकने थेट दुकानात येऊ लागली. मध्ये घाटाचा व्यापारी राहिला नाही. त्या डाळीतही गावची किंवा देशावरची डाळ किती, हे दुकानदारही सांगू शकत नाही: तूर म्यानमारची किंवा मोझांबिकची, मसूर आणि पांढरा वाटाणा कॅनडाचा. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, तेव्हा केंद्राने आयात वाढवली. २०१६-१७ मध्ये सुमारे ६६ लाख टन डाळी-कडधान्ये परदेशातून आली. त्याच वर्षी देशात पीकही उदंड आले, भाव कोसळले आणि पुढच्या वर्षी तुरीवर आयातीची मर्यादा, वाटाण्यावर ५० टक्के शुल्क असा उलटा फेरा फिरला. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा पुन्हा शुल्कमुक्त झाला. या झोक्यांत वाटाणा हे सगळ्यांत स्वस्त प्रथिन ठरले. महामार्गावरच्या उपाहारगृहांतली उसळ त्याची असते. हरभऱ्याच्या पिठात त्याची भेसळ होते, हेही व्यापारात उघड गुपित आहे.

सावित्रीने दिलेले प्रथिन याच काळात आटले. महाडजवळच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आले, नदी आणि खाडीच्या पाण्याबद्दल मच्छीमारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू राहिल्या. वाळूचा उपसा आणि गाळ यांनी डोह बुजले. जुलै २००५ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पेठ पाण्याखाली गेली. २०२१ च्या २२ जुलैच्या रात्री दुकानांतले आगोटीनंतरचे धान्य, डाळी आणि किराणा चिखलात गेला. पुरानंतर माल पुन्हा भरला गेला तो मोठ्या वितरकांच्या उधारीवर, आणि पिशवीबंद मालाचे प्रमाण त्यानंतर आणखी वाढले, कारण पिशवी भिजली तरी बदलून मिळते, पोते मिळत नाही.

शासनाच्या ताटानेही मागणी घडवली. २ ऑक्टोबर १९७५ पासून अंगणवाड्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेले जेवण. शाळेच्या खिचडीत मूग, मटकी, चवळी आणि वाटाणा आला. वाल मागे राहिला, कारण राज्यभर एकाच दराने पुरवठा करणाऱ्याला तो परवडत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबवला गेला.

प्रथिन पदार्थापासून पूर्ण सुटे झाले ते गेल्या पंधरा-वीस वर्षांत. सोयापासून नव्वद टक्के शुद्धीचे आयसोलेट, वाटाण्यापासून तसेच पीठ, आणि चीज-पनीर करताना उरलेल्या पाण्यापासून व्हे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये पूरक आहारासाठी स्वतंत्र नियम केले. पुणे जिल्ह्यातल्या मंचरच्या पराग मिल्क फूड्सने देशी व्हे बाजारात आणला; एरवी चांगल्या प्रतीचा कच्चा माल बराचसा आयातीचा. हा माल बिस्किटात, ‘हाय प्रोटीन’ दह्यात आणि आट्यात मिसळून येतो, आणि डब्यातून व्यायामशाळेत. वालाचे प्रथिन आणि व्हेचे प्रथिन यांच्या किमतीची तुलना ग्रॅमने केली तर वाल अजून स्वस्त पडतो. पण डब्याला भिजवणे, मोड आणणे आणि सोलणे लागत नाही. बाजाराने शेवटी ज्याची किंमत लावली ती त्या घरकामाची.

कडव्या वालाचा भाव मात्र या साऱ्यात चढलाच. पीक कमी आणि मुंबई-पुण्याच्या घरांतली आठवण शाबूत, त्यामुळे गावठी कडवा वाल तुरीहून महाग विकला जातो, आणि सोललेल्या डाळिंब्यांना त्याहून अधिक. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ ची, कोकणासाठी वाल आणि कुळथाचे सुधारित वाण दिले आहेत. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात पद्धतीत गादीवाफ्यावर न नांगरता भात आणि त्यानंतर त्याच वाफ्यावर वाल घेतला जातो. नांगरटीची मजुरी वाचते. राखणीचा प्रश्न मात्र तिनेही सुटत नाही, म्हणून ज्या गावांत भातकापणीनंतरच्या चराईबंदीचा जुना नियम गावकीने टिकवला आहे तिथेच वालाचे पट्टे सलग दिसतात. आगोटीच्या दिवसांत महाडच्या बाजारात त्या वालाची पोती येतात आणि बहुतेक माल महामार्गावरून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांतून परत मुंबईला जातो.